मागची खुर्ची

“तू माझ्या मागं बसणार नसशील, तर मी नाटकाला येतच नाही,” असं म्हणून बाबा पानावरून उठले.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. “बसा खाली. ताक घ्यायचं राहिलंय.”

“ताक गेलं चुलीत! नेसवायला दुसरी कुणी बाई मिळत नाही का अख्ख्या गावात?”

“सहावारी नेसवायला मिळेल. नऊवारी नेसून, उभं राहून, पोटातून गायचं असतं तेव्हा कासोटा कसा बांधायचा, ते मलाच ठाऊक आहे. कुंदाचं पहिलं नाटक आहे. मी रंगपटातच असणार.”

बाबा पुन्हा पानावर बसले, पण घास काही घेईनात. मी समोर बसून त्यांच्याकडे बघत होते. मला गंमत वाटली आणि थोडं बरंही वाटलं. मला वाटलं, बाबांना लेकीची काळजी लागलीय.

हे चौऱ्याऐंशी सालचं, आमच्या कुरुंदवाडातलं. कॉलेजात मराठी शिकवणारे कागवाडे सर तेव्हा नवीनच आले होते आणि त्यांच्या डोक्यात जुनी संगीत नाटकं पुन्हा उभी करायचं खूळ शिरलं होतं. रात्रभर चालणारं ‘संगीत हेमकांता’ त्यांनी कातरून कातरून तीन अंकांत बसवलं. खरी अडचण ते बसवायचं कुठं ही होती. वाचनालयाच्या सभागृहातला रंगमंच एवढासा होता, की कदंबाचं झाड उभं केलं की राजवाडा मावत नसे. पहारेकऱ्याला भाला सरळ उभा धरायची सक्त ताकीद होती, कारण तो जरा कलला की विंगेत ऑर्गनवर बसलेल्या म्हैसाळकर मास्तरांच्या टोपीला लागे. मास्तरांचा अर्धा देह विंगेत आणि अर्धा राजदरबारात असायचा. लोकांना त्याची सवय झाली तर झाली, असं सर म्हणायचे.

हेमकांता मी होते. नायक होता सदाशिव, जो बँकेत कॅशियर होता आणि ज्याचा गळा खरोखर देवानं दिलेला होता. तालमी छान झाल्या होत्या. पण वाचनालयाच्या कमिटीनं स्पष्ट सांगितलं होतं, “पहिला प्रयोग रंगला, तर दर महिन्याला सभागृह तुमचं. पडला, तर लग्नाच्या जेवणावळींना द्यायचं ठरलंच आहे.”

आणि प्रयोग रंगला की पडला, हे आमच्या गावात ठरायचं ते माझ्या बाबांच्या तोंडून.

बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. दत्तोपंत हेरवाडकर म्हटलं की चष्मा आधी आठवायचा नाही, ‘वन्स मोअर’ आठवायचा. गावात कुठलीही नाटक कंपनी येवो, एखादं पद खरोखर चढलं की बाबा खुर्चीतून अर्धवट उठायचे, उजवा हात वर करायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, “वन्स मोअर!” मग सगळं सभागृह ओरडायचं. त्यांच्याआधी कुणी ओरडत नसे. तसा नियम कुणी केला नव्हता, पण एकदा एका पोरसवदा वकिलानं घाई केली, तर गाणाऱ्या नटानंच आधी बाबांकडे बघितलं होतं. तो वकील पुढं बरेच दिवस नाटकाला आला नाही.

कंपन्यांचे गायक दुपारी दुकानात येऊन बाबांना नमस्कार करून जायचे. बाबा त्यांना चहा पाजायचे, फार बोलायचे नाहीत. त्यांचा वन्स मोअर कधी चुकीच्या पदाला गेला नाही, असं जुनी माणसं शपथेवर सांगायची. नाव कितीही मोठं असो, गाणं नुसतं घोटीव असलं की बाबा गप्प बसायचे. आणि एखाद्या नवख्या पोरानं चार ओळींत जीव ओतला, की त्याला हटकून मिळायचा.

त्यांची जागाही ठरलेली होती. पुढच्या रांगा पुरुषांच्या, मागच्या बायकांच्या. बाबा पुरुषांच्या शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायचे आणि त्यांच्या बरोब्बर मागं, बायकांच्या पहिल्या रांगेत, आई. पहिल्या रांगेत बसा म्हणून आग्रह झाला, तर बाबा म्हणायचे, “सूर ऐकायचा तो इथूनच.” मग त्या रांगेसाठी गावातल्या दर्दी मंडळींची झोंबाझोंबी व्हायची. मी लहानपणी आईच्या मांडीवर बसून नाटकं बघायची. आईचा पाय बाबांच्या खुर्चीच्या खालच्या आडव्या दांडीवर टेकलेला असायचा, आणि माझं सगळं लक्ष तिच्या पायातल्या जोडव्याकडे असायचं. नाटकापेक्षा ते जोडवं मला जास्त आठवतं.

घरी मात्र बाबा कधी गुणगुणले नाहीत. गणपतीच्या आरतीत त्यांची टाळी नेहमी सगळ्यांच्या मागून पडायची. थोर माणसांचं लक्ष असल्या बारीकसारीक गोष्टींत नसतं, अशी माझी समजूत होती.

मला बाबांचा वन्स मोअर हवा होता. सभागृह, कमिटी, कागवाडे सरांचं खूळ, हे सगळं होतंच, पण मला मनातून हवा होता तो बाबांचा वर गेलेला हात. माझ्या गाण्यावर बाबा आजवर एक शब्द बोलले नव्हते. मी रियाजाला बसले की ते पेपर उघडायचे आणि आई आतून डाळ निवडत ऐकत असायची.

प्रयोगाच्या संध्याकाळी रंगपटात, म्हणजे वाचनालयाच्या जुन्या मासिकांच्या खोलीत, आईनं मला नेसवलं, खोपा घातला, वेणी माळली. धुपाचा वास पडद्यापर्यंत गेला. नारळ फुटला, नांदी झाली. मी विंगेतून डोकावले. बाबा आपल्या जागी बसले होते. शेवटी आले होते तर. त्यांच्या मागची खुर्ची रिकामी होती.

माझं पहिलं पद आलं. कदंबाखाली उभं राहून मी ते जसं बसवलं होतं तसं म्हटलं. एकही जागा सुटली नाही. शेवटची तान समेवर आणून सोडली आणि बाबांकडे बघितलं. नुसतं मीच नाही, सगळ्या सभागृहाच्या माना तिकडं वळल्या. बाबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला.

टाळ्या पडल्या, पण त्या पाहुण्यांना द्यायच्या टाळ्या होत्या.

सदाशिवाचं पद आलं. दुसऱ्या कडव्याला त्यानं असा काही पंचम लावला की मास्तरांची बोटं ऑर्गनवर क्षणभर थबकली. माझ्या अंगावर काटा आला. लोक पुन्हा वळले. बाबा पुन्हा चष्मा पुसत होते. आता तर ते घामाघूम झालेले मला विंगेतून दिसले. सदाशिव आत आला आणि पागोटं काढून नुसता बसून राहिला.

“काय चुकलं गं माझं?” त्यानं मला विचारलं.

“काहीच नाही.”

“मग तुझे बाबा?”

दुसरा अंक तसाच गेला. मी आणखी जोर लावला, आणखी ताना घेतल्या, आणि प्रत्येक वेळी बाबांच्या खुर्चीकडे बघितलं. प्रेक्षक चुळबुळायला लागले. मागच्या बाजूला दोन माणसं उठून गेली. कमिटीचे अध्यक्ष शेजाऱ्याशी काहीतरी बोलून हसले. आमच्या गावात वन्स मोअर न घेतलेलं संगीत नाटक म्हणजे पडलेलं नाटक. मध्यंतराचा पडदा पडला तेव्हा कागवाडे सर कदंबाला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघणंही टाळलं.

रंगपटात एका दोरीवर चादर टाकून आडोसा केला होता. आई मला तिसऱ्या अंकाचं पांढरं लुगडं नेसवत होती. तेवढ्यात दार वाजलं.

“अगं, आहेस का?” बाबांचा आवाज आला.

बायकांच्या रंगपटाच्या दारात माझे बाबा! आईनं निऱ्या माझ्या हातात दिल्या आणि ती चादरीबाहेर गेली. बाबा हळू बोलत होते, पण मधे एक चादरच होती.

“काय करू मी? सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत.”

“बघू देत.”

“सदाशिवाच्या त्या पदाला द्यायला हवा होता का?”

“हवा होता. दुसऱ्या कडव्याला. फार सुंदर लागला होता.”

“मला काय कळतंय त्यातलं? मला सगळी पदं सारखीच. तू मागं नव्हतीस. मी नुसता चष्मा पुसत बसलो.”

माझ्या हातातल्या निऱ्या सुटल्या. आडव्या दांडीवरचा पाय, जोडवं, ‘सूर ऐकायचा तो इथूनच’, मागं पडणारी टाळी. सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. त्या दर्दी माणसानं आयुष्यात कधी सूर ऐकलाच नव्हता. ऐकत होता तो आईचा पाय.

“बरं, झालं ते झालं,” बाबा म्हणाले. “आता कुंदाच्या पदाला मी देऊन टाकतो. पोरीचा जीव टांगणीला लागलाय, मला दिसतोय. नाटकही वाचेल.”

“नाही,” आई म्हणाली.

“अगं, आपलीच पोर आहे!”

“म्हणूनच नाही. तिचं गाणं अजून झालेलं नाही. झालं की बघू.”

बाबा निघून गेले. त्यांच्या वहाणांचा आवाज जिन्यावरून खाली जाताना मला ऐकू आला.

आई आत आली, खाली पडलेल्या निऱ्या तिनं उचलल्या आणि पुन्हा घालायला लागली. मला राग आला होता. बाबांचा नाही, आईचा. इतकी वर्षं ज्या हाताची वाट बघत होते, तो हात हिच्या पायात होता आणि ती नाही म्हणत होती.

“बाबांना काहीच कळत नाही?” मी विचारलं.

“त्यांना नाटक आवडतं. फार आवडतं. गोष्टीत इतके रमतात की रडतात. फक्त सूर कळत नाही. हलू नकोस.”

“मग हे असं सुरू तरी कसं झालं?”

आईच्या ओठांत आकडे होते. ते तसेच धरून ती बोलायला लागली. “लग्न झालं आणि आम्ही पहिल्यांदा नाटकाला गेलो. तुझे आजोबा कंपनीत ऑर्गन वाजवायचे, मी विंगेतच वाढलेली. त्या दिवशी गाणाऱ्यानं अशी एक जागा घेतली, की माझा पाय यांच्या खुर्चीवर खाडकन बसला. हे दचकून उठले आणि ओरडले, वन्स मोअर.”

“दचकून वन्स मोअर?”

“मग काय ओरडणार? नाटकात दुसरं काय ओरडतात?” आई हसली. एक आकडा खाली पडला. “लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाणाऱ्यानं यांना वाकून नमस्कार केला. घरी येताना मला म्हणाले, ‘तुला आवडलं होतं ना? मग बरं झालं. पुढच्या वेळी पण सांग.’ झालं. मी पायानं सांगत गेले.”

“तूच का नाही ओरडलीस?”

“बायका ओरडतात का कधी?”

ते खरं होतं. मी कधी ऐकलं नव्हतं. बायकांनी पदर तोंडाशी धरून मान हलवायची, एवढंच.

“आणि माझं गाणं का झालं नाही?” माझा आवाज चिरकला. “कुठं चुकले मी?”

“चुकलीस कुठं? एवढं बरोबर गातेस की चुकायला जागाच ठेवली नाहीस.” तिनं माझी हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. “कुंदा, तिसऱ्या अंकात ती घाटावर एकटी असते ना?”

“हो.”

“मग तू बाबांच्या खुर्चीकडे बघून का गातेस? घाटावर खुर्च्या असतात का?”

घंटा झाली. मी तशीच धुसफुसत रंगमंचावर गेले.

तिसऱ्या अंकाला कदंब हलवून तिथं दोन लाकडी पायऱ्या ठेवल्या होत्या. तो घाट. नावेतून गेलेला नवरा परत येत नाही, आणि सगळं गाव आपापल्या घरी गेल्यावर हेमकांता नदीलाच विचारते, असा प्रसंग. मी पायरीवर बसले. मास्तरांनी सूर धरला. बाबांच्या खुर्चीकडे बघायचं नाही असं ठरवलं, कारण तिथं आता बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तो हात माझ्या काय कामाचा? मग बघू कुठं? पायरीच्या पुढं अंधार होता. मी त्या अंधाराकडे बघून सुरू केलं, “सांग सरिते, कोण येतसे पैल तीरी...”

पहिली ओळ झाली आणि मला एकदम फार एकटं वाटलं. ज्याच्यासाठी गात होते तो ऐकत नव्हता, आणि जी ऐकत होती ती नाही म्हणाली होती. मला रडू यायला लागलं. बसवलेल्या ताना घशाशी येईनात, म्हणून मी त्या सोडून दिल्या. ओळ तेवढी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, कधी रागानं, कधी विनवणीनं. मास्तरांनी ऑर्गन अगदी खाली आणला. एका ठिकाणी माझा सूर किंचित थरथरला, तो मी सावरला नाही. पद कधी संपलं तेही मला कळलं नाही.

टाळ्या नाहीत. काहीच नाही. कुणी बाबांकडे वळलंसुद्धा नव्हतं, एवढं मला पायरीवरून दिसलं.

तेवढ्यात सभागृहाच्या अगदी मागून, दाराजवळून आवाज आला.

“वन्स मोअर!”

आवाज फार मोठा नव्हता. थोडा फाटलेला होता, आयुष्यात कधी न ओरडलेल्या माणसाचा असतो तसा. आणि तो बाईचा होता. सगळं सभागृह गर्रकन मागं वळलं. दाराच्या चौकटीला धरून आई उभी होती. डोक्यावरून पदर घेतलेला, हातात माझी वेणी माळून उरलेला गजरा. कुणीतरी खुसकन हसलं. एक म्हातारे गृहस्थ “हे काय नवीन?” म्हणाले. आईचा चेहरा लाल झाला, पण ती हलली नाही.

बाबा उठून उभे राहिले. नेहमीसारखे अर्धवट नाही, पुरते. त्यांनी मागं वळून आईकडे बघितलं. सगळ्या लोकांना वाटलं, आता दत्तोपंत बायकोला घरी पाठवणार. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

बाबा रंगमंचाकडे वळले. “मास्तर,” ते खणखणीत आवाजात म्हणाले, “वन्स मोअर दिलाय त्यांनी. ऐकू आलं नाही का? धरा सूर.”

मग मात्र सभागृह फुटलं. पुरुष ओरडले ते ओरडलेच, पण बायकांच्या रांगेतून एक आवाज आला, मग दुसरा, मग कितीतरी. शाळेच्या मुख्याध्यापिका ओरडल्या. आमच्या शेजारच्या गंगूकाकू, ज्यांना कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, त्या खुर्चीवरून उठून ओरडल्या. भाला सरळ धरायचं विसरून पहारेकरी टाळ्या वाजवत होता आणि मास्तर डोक्यावरची वाकडी टोपी तशीच ठेवून सूर धरत होते.

मी तेच पद पुन्हा म्हटलं. या वेळी दाराकडे बघून. घाटावर दार नसतं हे मला माहीत होतं, पण आई त्यावर काही बोलली नाही.

सभागृह आम्हाला मिळालं. कागवाडे सर होते तोवर आम्ही तिथं कितीतरी जुनी नाटकं केली. त्या एवढ्याशा मंचावर अरण्यं, राजवाडे, स्वयंवरं, सगळं मावायला लागलं. आता तिथं कॉम्प्युटरचे क्लास चालतात. सर बदलून गेले, मास्तर गेले, आई-बाबाही गेले. माझ्या गाण्याला नंतर पुष्कळ ठिकाणी टाळ्या मिळाल्या. बाबांचा वन्स मोअर मात्र मला कधीच मिळाला नाही, कारण त्या दिवसानंतर त्यांनी तो कुणालाच दिला नाही. आईलाही त्या दोघांचं गुपित कुणाला सांगावंसं वाटलं नाही, आणि मीही आज पहिल्यांदाच सांगतेय.

पण मला आठवतो तो पुढच्या महिन्यातला प्रयोग. तिसरी घंटा व्हायची होती. मी पडद्याच्या फटीतून सवयीनं बाबांच्या खुर्चीकडे बघितलं. तिथं आई बसली होती. पुरुषांच्या शेवटच्या रांगेत, कडेला, शेजारच्या दर्दी मंडळींची पर्वा न करता, ताठ. आणि तिच्या बरोब्बर मागं, बायकांच्या पहिल्या रांगेत, गंगूकाकूंच्या शेजारी अंग चोरून माझे बाबा बसले होते. बायका पदराआड हसत होत्या. बाबांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी वहाण काढली होती आणि पाय आईच्या खुर्चीच्या आडव्या दांडीवर टेकवून ते नाटक सुरू व्हायची वाट बघत होते.